नागीण आणि तिचं गोत

आमच्या घरी कांजिण्या आल्या की आधी फोडणी बंद व्हायची. कढईत तेल तापवायचं नाही, मोहरी तडतडू द्यायची नाही, बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. अंथरुणावर कडुनिंबाचा पाला पसरलेला असे. खाज सुटली तरी नख लावायचं नाही, निंबाची कोवळी डहाळी अंगावरून फिरवून घ्यायची आणि तेवढ्यावर भागवायचं. आजी त्याला आजार म्हणायचीच नाही. ‘बाया आल्यात’ म्हणायची, आणि त्यांच्यासमोर कुणाला आवाज चढवू द्यायची नाही. मी तेव्हा दुसरीत होते. आधी ताप, मग पोटावर, पाठीवर लाल ठिपके, दिवस कलेपर्यंत त्या ठिपक्यांत पाणी धरलेलं. एकीकडे खपली धरतेय तोवर दुसरीकडे नवे फोड. डॉक्टर कांजिण्या ओळखतात त्या याच खुणेवरून, हे पुढे कळलं. पुरळ, पाणी आणि खपली या तिन्ही अवस्था एकाच वेळी एकाच अंगावर दिसतात. देवीच्या रोगात तसं नसे. एका भागावरचे सगळे फोड बरोबरीनं वाढत. खपल्या पडल्यावर निंबाच्या पाण्यानं आंघोळ झाली, दहीभाताचा नैवेद्य झाला आणि बाया गेल्या म्हणून चुलीवर पुन्हा फोडणी बसली. माझ्या डाव्या भुवईवर एक खळगी राहिली.

बाया गेल्या नव्हत्या. कातडीवर फोड असतात त्याच दिवसांत तो विषाणू कातडीतल्या मज्जातंतूंच्या टोकांत शिरतो, तंतूच्या आतून उलटा वर चढतो आणि पाठीच्या कण्यालगत, तंतूच्या मुळाशी असलेल्या पेशींच्या गाठीत जाऊन बसतो. तिथं तो काही करत नाही. वाढत नाही, पेशीला मारत नाही, शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसत नाही. वर्षानुवर्षं, बहुतेकांच्या बाबतीत मरेपर्यंत, नुसता असतो. हे लिहिते आहे तेव्हाही माझ्या पाठीच्या कण्याशी माझी दुसरीतली कांजिणी बसलेली आहे. मला याची भीती वाटत नाही, नवल मात्र फार वाटतं.

या विषाणूचं सगळं हर्पीस गोतच असं. प्राणिमात्रांत मिळून शंभराहून अधिक हर्पीस विषाणू माहीत आहेत, त्यांतले माणसाच्या वाट्याला आलेले आठ-नऊ. एकदा घरात आले की त्यांतला एकही कधी सोडून जात नाही. ही झाली त्यांची रीत. मला जास्त विचारात पाडते ती आपली रीत. एकाच गोतातल्या या मंडळींना आपण किती वेगवेगळी वागणूक देतो! कांजिण्यांना देवीचा मान, कंबरेवरच्या फोडांना नागिणीचं भय. ओठावरच्या फोडाकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि मांडीच्या वर, कपड्याच्या आत उठला की तोच फोड माणसाला जन्माचा गुन्हेगार करून टाकतो. दुखणं किती, धोका किती, यावर ही वागणूक ठरत नाही. फोड अंगाच्या कोणत्या भागावर उठला, एवढ्यावरच ठरते.

माझ्या थोरल्या आत्याला नागीण झाली ती सत्तरी ओलांडल्यावर, कराडजवळच्या आमच्या गावी, ऐन भुईमूग काढणीत. सुरुवातीला फोड नव्हतेच. डाव्या स्तनाखालून बरगडीला धरून पाठीपर्यंत आग आणि मधूनच जीव कळवळावा अशी सणक. वय बघून सगळ्यांना पहिली शंका हृदयाची आली. ईसीजी निघाला, तो बरा होता. मग गॅस झाला असेल म्हणून ओवा, हिंग, सोडा. नागिणीची ही पहिली खोड असते. फोडांच्या आधी दोन-चार दिवस नुसतं दुखणं येतं, आणि ते ज्या भागात येईल त्या भागाचा आजार वाटतं. छातीत आलं तर हृदय, कुशीत आलं तर मुतखडा, पोटाच्या उजव्या बाजूला आलं तर अपेंडिक्स.

तिसऱ्या दिवशी मी आत्याला आंघोळ घालताना पाहिलं. बरगडीखाली हाताच्या पंजाएवढा लाल पट्टा आणि त्यावर टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटकुळ्यांचा झुबका, त्याच्या पुढे थोडी कोरी कातडी, मग दुसरा झुबका, मग पाठीकडे तिसरा. पुटकुळ्यांतलं पाणी स्वच्छ होतं, आरपार. दोन दिवसांनी ते गढूळ झालं, आठवड्यानं त्यांच्या पिवळट खपल्या झाल्या. पाणी ओतताना तांब्याचा काठ चुकून तिथं लागला तर आत्या, जिनं पाच बाळंतपणं दात आवळून काढली होती, ती ओरडली.

गल्लीतल्या बायका आल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच, टोकं कुठवर आलीत? नागिणीनं कंबरेला वेढा घालून तोंड आणि शेपूट जुळवलं की माणूस हाती लागत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. आत्या रात्री मला उठवून विचारायची.

‘टोकं जुळली का गं?’

‘नाही आत्या. छातीच्या मधोमध थांबलीय.’

‘कंदील जवळ धर. नीट बघ.’

वीज होती, बल्ब होता, तरी ती कंदीलच म्हणायची. दुखण्यापेक्षा मला तिचं ते बोटानं चाचपून बघणं सहन होत नव्हतं.

गावात नागीण उतरवणारे एक म्हातारबुवा होते. त्यांनी काव उगाळून फोडांभोवती रेघ ओढली, तांदूळ आणि दूर्वा वाटून लेप दिला, पुटपुटत फुंकर मारली आणि पैसा घेतला नाही. त्यांच्याविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. लेप गार होता, आणि घाबरलेल्या बाईजवळ कुणीतरी तासभर शांत बसलं होतं. पण दिवस गेले. नागिणीत दिवस फार मोलाचे असतात.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी आत्याचं पोलकं वर सारून पाहिलं, आणि औषध लिहायच्या आधी तिच्या मनातलं ओळखून म्हणाल्या, ‘आजी, ती अर्ध्यावरच थांबते. टोकं जुळत नसतात तिची.’ मग तिच्या पाठीच्या कण्यावर बोट ठेवून तिथून बरगडीवरून छातीच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढून दाखवली. आत्याला ते लगेच समजलं, कारण तिनं आयुष्यभर रानात पाणी पाजलं होतं. पाटाचं पाणी ज्या वाफ्याचं दार उघडं त्याच वाफ्यात उतरतं, बांध ओलांडून शेजारच्या वाफ्यात जात नाही. कण्यातून निघणारा प्रत्येक तंतू कातडीची आपली एक पट्टी सांभाळतो, डावीकडचा डावी, उजवीकडचा उजवी. मुळाशी झोपलेला विषाणू जागा झाला की आपल्याच तंतूतून खाली उतरतो आणि आपल्याच पट्टीवर फुटतो. म्हणून फोडांची रांग अंगाच्या मध्यरेषेवर येऊन जवळजवळ पट्टी लावून आखल्याप्रमाणे थांबते.

या पट्ट्यांचा नकाशा माणसाच्या हाती आला त्यात नागिणीचा मोठा वाटा आहे. १९०० साली इंग्लंडमध्ये हेन्री हेड आणि आल्फ्रेड कॅम्पबेल यांनी नागिणीच्या रुग्णांच्या अंगावरचे फोड कुठून कुठे जातात याची चित्रं जमवली. ज्यांना नागीण होऊन गेली होती अशा मृतांच्या कण्याशेजारच्या गाठी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि कोणत्या गाठीला इजा झाली की कोणती पट्टी फुटते ते जुळवून दाखवलं. आज एखाद्याचा हात बधिर झाला तर कण्याच्या कोणत्या मणक्यापाशी बघायचं हे डॉक्टर झटक्यात सांगतात. त्या ज्ञानात कितीतरी अनाम नागीणवाल्यांच्या कळा मुरलेल्या आहेत.

कांजिण्या आणि नागीण एकाच विषाणूच्या, हे कळायलाही वेळ लागला. घरातल्या म्हाताऱ्याला नागीण झाली की मागोमाग नातवंडांना कांजिण्या येतात, हे बुडापेस्टच्या बोकाय नावाच्या बालरोगतज्ज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिपलं होतं. १९५०च्या दशकात अमेरिकेत थॉमस वेलर यांनी दोन्ही फोडांतला विषाणू प्रयोगशाळेत वाढवून तो एकच असल्याचं दाखवलं. पण या कथेतला मला सर्वांत जवळचा वाटणारा माणूस म्हणजे एडगर होप-सिम्पसन. इंग्लंडातल्या सायरेन्सेस्टर या लहानशा गावातला साधा फॅमिली डॉक्टर. आपल्याकडे येणाऱ्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद तो ठेवत गेला, १६ वर्षं, १९२ रुग्ण. दूरच्या शेटलंड द्वीपसमूहातल्या येल बेटावर जाऊन, जिथं बाहेरचं माणूस क्वचित येतं तिथं हे आजार कसे फिरतात, तेही त्यानं पाहिलं. १९६५ साली त्यानं मांडलं की नागीण बाहेरून येतच नाही. बालपणीची कांजिणी तंतूच्या मुळाशी दडून राहते, आणि वयानं, आजारानं अंगातला पहारा सैल पडला की बाहेर पडते. मोठी प्रयोगशाळा नाही, हाताशी फौज नाही. आपल्या गावातली माणसं नीट बघणं एवढंच भांडवल.

टोकं जुळण्याच्या भीतीत मात्र एक कण खरा असावा. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली असते, म्हणजे कॅन्सरची केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, एचआयव्हीची लागण असलेले, त्यांच्यात नागीण एक पट्टी सोडून अंगभर पसरू शकते, आणि मग ती जिवावर बेतते. जुन्या माणसांनी असा एखादा रुग्ण पाहिला असेल आणि त्यातून वेढ्याची गोष्ट निपजली असेल. तरुण माणसाला कारणाशिवाय नागीण झाली तर डॉक्टर एचआयव्हीची तपासणी सुचवतात, तीही याचसाठी.

कंबर-छातीवरच्या नागिणीपेक्षा मला चेहऱ्यावरची जास्त धाकाची वाटते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे काहीच बोललं जात नाही. कपाळावर, पापणीवर फोड आले आणि त्यातला एखादा नाकाच्या शेंड्यावर दिसला, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं. नाकाचा शेंडा आणि बुबुळ यांच्याकडे येणारा तंतू एकाच फांदीचा, त्यामुळे शेंड्यावरचा फोड म्हणजे डोळाही धोक्यात असल्याची सूचना. जोनाथन हचिन्सन यांनी ही खूण एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवली आहे. कानात फोड, असह्य ठणका आणि त्याच बाजूचा चेहरा लुळा, हे दुसरं रूप. त्याला वारं गेलं म्हणून तेल चोळत बसलं तर चेहरा आणि ऐकणं दोन्ही गमावायची पाळी येते.

आत्याच्या घरी आणखी एक गोष्ट घडली, जी अजून मनातून जात नाही. नागीण झालेल्या माणसावर बाहेरची असलेल्या बाईची सावली पडू द्यायची नाही, हा नेम घरात कडक पाळला जात होता. आणि आत्याचे फोड पुसणं, कपडे बदलणं हे सगळं तिची नातसून करत होती, जिला पाचवा महिना होता. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो. ज्याला कांजिण्या होऊन गेल्या आहेत त्याला त्याचं भय नाही, पण ज्याला झालेल्या नाहीत त्याला त्या पाण्यातून कांजिण्या होतात, आणि गरोदरपणातल्या कांजिण्या आई आणि बाळ दोघांनाही जड जाऊ शकतात. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, ‘तुला लहानपणी आल्या होत्या का गं?’ तिला आठवेना. आईला फोन लावला, तिलाही नक्की सांगता येईना. रक्त तपासलं, तेव्हा आल्या होत्या असं निघालं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विटाळ कुणाचा धरायचा हे आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होतं. जपायचं कुणाला, हे कुणी शिकवलं नव्हतं.

आत्याला असायक्लोव्हिरच्या गोळ्या दिल्या. दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा गुण जास्त येतो, नवे फोड थांबतात, खपली लवकर धरते, कळांचे दिवस कमी होतात. आत्याचे ७२ तास कावेच्या रेघेत गेले होते. या गोळीची करामत मला वाचताना थक्क करून गेली. ती शरीरभर फिरते पण निजलेली असते. ज्या पेशीत विषाणू वाढू लागला आहे तिथं विषाणूचंच एक विकर तिला जागं करतं, आणि जागी झालेली गोळी विषाणूची नक्कल तोडून टाकते. निरोगी पेशीला जवळपास धक्का नाही. विषाणूच्याच हातानं त्याचं दार लावून घेणारं हे औषध ज्या प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात घडलं, तिथं गर्ट्रूड एलियन होत्या. आजोबांना कर्करोगानं जाताना पाहिलं तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. तिथून त्यांनी रसायनशास्त्र धरलं. बाई म्हणून कित्येक ठिकाणी नोकरी नाकारली गेली, पीएच.डी. कधी पुरी झाली नाही, आणि १९८८ साली नोबेल मिळालं.

आत्याच्या खपल्या पडल्या, कातडी भरून आली, दुखणं राहिलं. तीन महिने झाले तरी पोलक्याचं कापड लागलं की आग व्हायची. दाबलं तर चालायचं, पण पदर नुसता घासला की कळ मस्तकात. बरगडीवरून वाऱ्याची झुळूक गेली तरी ती अंग चोरायची. जखम दिसत नाही, तपासणीत काही निघत नाही, आणि घरच्यांना वाटू लागतं की म्हातारी उगाच करते. तसं नसतं. विषाणूनं तंतूलाच इजा केलेली असते, आणि जखमी तंतू साध्या स्पर्शाचंही दुखणं करून मेंदूला कळवतो. साठीनंतर नागीण झालेल्यांत हे बरंच आढळतं. त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. तंतूंना शांत करणारी निराळी औषधं लागतात, आणि धीर लागतो. आत्यानं ते वर्ष मलमलीची जुनी धोतरं फाडून शिवलेल्या सैल झग्यांत काढलं.

आता या विषाणूवर लस आहे. कांजिण्यांची लस जपानमध्ये मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ साली तयार केली. स्वतःच्या लहान मुलाला कांजिण्यांनी हैराण झालेलं पाहिलं होतं त्यांनी. नागिणीची नवी लस पन्नाशीपुढच्यांसाठी, दोन डोसांची, २०२३ पासून भारतातही मिळते. चाचण्यांत तिनं दहातल्या नऊहून अधिक जणांना वाचवलं. नागीण आयुष्यात कधी ना कधी साधारण तिघांतल्या एकाला गाठते, हे ध्यानात घेतलं तर ही मोठी गोष्ट आहे. ती महाग आहे, भुईमूग काढणाऱ्या घराला परवडणारी नाही, हे मला फार लागतं.

ओठावरच्या फोडाचं काय सांगावं? तो इतका आपला आहे की कुणी डॉक्टरांकडे जात नाही. ताप उतरला, परीक्षा संपली, कडक उन्हात हिंडणं झालं, की ओठाच्या कडेला आधी चुरचुर, मग इवल्या पुटकुळ्या, मग खपली, आठ-दहा दिवसांत साफ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगातल्या पन्नाशीच्या आतल्या जवळपास दोन तृतीयांश माणसांच्या अंगात हा हर्पीस सिम्प्लेक्स एक नंबरचा विषाणू आहे. बहुतेकांना तो बालपणीच मिळतो, मायेच्या माणसांच्या मुक्यातून. तो राहतो कानाजवळच्या, चेहऱ्याच्या तंतूच्या गाठीत. साधा दिसतो, पण डोळ्यात उतरला तर बुबुळावर फांद्या फुटलेला व्रण करतो, आणि क्वचित मेंदूत गेला तर तासातासाला महत्त्व येतं. ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये, एवढं जरी प्रत्येक बारशात कुणी सांगितलं तरी पुरे. नवजात बाळाला तो झेपत नाही.

गोतातले बाकीचे मुकाट्यानं येतात. तान्ह्याला तीन दिवस सणसणून ताप, ताप उतरताच अंगावर गुलाबी पुरळ, आई घाबरते आणि दोन दिवसांत सगळं निवळतं, तो त्यांतलाच एक. तरुणपणी घसा सुजवून महिनाभर थकवणारा एपस्टाइन-बार हा आणखी एक.

आणि मग तो, ज्याचं नाव घेताना दवाखान्यातही आवाज खाली येतो. हर्पीस सिम्प्लेक्स दोन नंबरचा. ओठावरच्याचा सख्खा भाऊ, वस्ती मात्र माकडहाडाजवळच्या गाठीत. कधी कधी एक नंबरचाच तिथं जाऊन राहतो. पहिल्या खेपेला ताप, जांघेत गाठी, पुटकुळ्या फुटून झालेले उथळ, झोंबणारे व्रण, लघवीला जीव जाईल इतकी आग. पुढच्या खेपा हलक्या आणि हळूहळू विरळ. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही. जगात पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या पाचांतल्या एकाहून अधिक माणसांना जननेंद्रियांचा हर्पीस आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. इतकी माणसं, आणि प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच.

माझ्या ओळखीच्या एका मुलीनं मला तिची हकिकत सांगितली होती. लग्न ठरलेलं, फोड उठले, तपासणी झाली, आणि तिनं पहिला विचार जीव देण्याचा केला. तिला सर्वांत जास्त खात होतं ते हे, की आता प्रत्येक जण विचारणार, कुणाकडून? या प्रश्नाला बहुधा उत्तर नसतं. लागण झाल्यावर पहिले फोड दोन आठवड्यांत येऊ शकतात किंवा कैक वर्षांनी. देणाऱ्याला आपल्याला तो आहे हे माहीतही नसतं. रक्ताची तपासणी विषाणू कधी भेटला ते सांगत नाही, आणि कुणामुळे ते तर नाहीच. अशा एका कागदावरून किती नवऱ्यांनी बायकांना माहेरी धाडलं असेल, किती बायका आयुष्यभर नवऱ्याच्या संशयात जळल्या असतील. त्या कागदात तो पुरावा नसतो. पाठीवर नागीण उठली तर गल्ली जमा होते, दूर्वा वाटल्या जातात, रात्री उठून कंदील धरायला माणूस असतं. हिच्याजवळ कोण होतं?

तिनं होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं. तो दोन दिवस गप्प होता, मग तिच्याबरोबर डॉक्टरांकडे आला आणि प्रश्न विचारत बसला. फोड असताना संबंध टाळायचे, एरवी कंडोम वापरायचा, रोजची एक गोळी घेतली तर दुसऱ्याला लागण्याची शक्यता बरीच कमी होते, पण पूर्ण जात नाही, हे सगळं त्यानं विचारून घेतलं. लग्न झालं. आता तिला दिवस गेले आहेत. नाव घालायला गेली तेव्हा तिनं आपणहून सांगितलं की मला हा त्रास आहे. डॉक्टरांनी मान हलवली, छत्तिसाव्या आठवड्यापासून गोळी सुरू करू, कळा सुरू झाल्या की फोड आहेत का तेवढं बघू, असले तर सिझेरियन करू, नसले तर नेहमीसारखं बाळंतपण, असं म्हणत फाइलवर एक ओळ लिहिली, आणि पुढचा रकाना भरायला विचारलं, ‘रक्तगट कुठला तुमचा?’